शनिवार-रविवारचे खेळाडू

आपल्या मिशन शाळांच्या पटांगणात समोरासमोर उभे केलेले दोन खांब, त्यांवरच्या फळ्या आणि फळ्यांना जडवलेल्या लोखंडी कड्या वाचकांनी पाहिल्याच असतील. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मुले चेंडू आपटीत त्या कड्यांकडे धाव घेतात. ह्या खेळास बास्केटबॉल म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये तो प्रथम खेळविला. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत कंटाळलेले तरुण विद्यार्थी, अशी त्याची अडचण होती. छपराखाली खेळता यावे म्हणून त्याने फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितले. टोपलीवरूनच खेळास नाव पडले.

पुढे त्या खेळाचा केवढा विस्तार झाला हे सर्वांस ठाऊक आहे. आज अमेरिकेच्या एन.बी.ए. ह्या मोठ्या लीगमधील खेळाडूंची नावे आपल्याकडील शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात. परंतु शाळेचे पटांगण आणि ती लीग ह्यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरात कोण असतात ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. एखादा तरुण उत्तम खेळतो, परंतु पहिल्या शंभरांत बसत नाही. दुसरा बसतो, पण त्याच्या कातडीच्या रंगामुळे, पूर्वी हातून घडलेल्या अपराधामुळे अथवा घरच्या जबाबदारीमुळे त्यास तेथे जागा नसते. अशा खेळाडूने काय करावे? आणि ज्या लहान गावात मोठा संघ कधीच येणार नाही, त्या गावाने चांगला खेळ पाहावयाचाच नाही काय? पेनसिल्व्हेनिया राज्यातील कोळशाच्या खाणींच्या गावांनी ह्या प्रश्नांचे एक उत्तर शोधून काढले होते. त्या उत्तराचे नाव ईस्टर्न लीग. ती लीग आता उरलेली नाही, परंतु तिने केलेले कार्य जाणून घेण्यासारखे आहे.

खाणींच्या गावांतील खेळ

पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात जमिनीखाली अतिशय कठीण व उत्तम जळणारा कोळसा सापडतो. एकोणिसाव्या शतकात त्याच्या खाणी निघाल्या आणि कामासाठी आयर्लंड, पोलंड, इटली, लिथुएनिया, स्लोव्हाकिया अशा देशांतून गरीब माणसे बोटी भरभरून आली. त्यांतील फार मोठा भाग कॅथलिक होता. प्रत्येक भाषेच्या लोकांनी आपापले देऊळ उभारले, देवळाशेजारी शाळा काढली आणि शाळेजवळ एक सभागृह बांधले. दिवसभर अंधारात खपणाऱ्या बापाचा मुलगा संध्याकाळी त्या सभागृहात चेंडू खेळे. १९३० साली शिकागोचे बिशप बर्नार्ड शील ह्यांनी कॅथलिक युवक संघटना स्थापन केली व तिच्यामार्फत बास्केटबॉलचा खेळ धर्मग्रामा-धर्मग्रामांतून पसरला. ह्या खेळास मोठे मैदान लागत नाही की महाग साहित्य लागत नाही. हिवाळ्यात बर्फ पडत असतानाही तो खेळता येतो. त्यामुळे खाणकामगारांच्या वस्त्यांत तो फार लवकर रुजला.

दुसरे महायुद्ध संपले आणि तरुण सैन्यातून घरी परतले. लोकांना करमणूक हवी होती व खेळाडूंना मैदान हवे होते. २३ एप्रिल १९४६ रोजी सहा संघांची एक लीग स्थापन करण्यात आली. विल्क्स-बॅरे, हेझल्टन, ॲलनटाउन, लँकेस्टर आणि रेडिंग हे पाच संघ पेनसिल्व्हेनियाचे होते व सहावा शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनचा. तो सहावा संघही पहिल्याच हंगामात पेनसिल्व्हेनियातील पॉट्सव्हिल ह्या खाणगावी हलविला गेला. पहिले अजिंक्यपद विल्क्स-बॅरेच्या संघाने मिळविले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे जिच्यातून एन.बी.ए. निर्माण झाली ती मोठ्या शहरांची संघटना ६ जून १९४६ रोजी, म्हणजे ह्या गावांच्या लीगनंतर सहा आठवड्यांनी स्थापन झाली. वयाने ही धाकटी बहीण थोरलीच होती.

पुढील काळात स्क्रँटन, सनबरी, विल्यम्सपोर्ट, ईस्टन, ट्रेंटन, कॅमडेन अशी गावे तीत आली. कित्येक संघ एकदोन हंगामांत मोडलेही. सनबरीची लोकवस्ती त्या काळी पंधरा हजारांच्या आसपास होती. आपल्याकडील एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढेच ते गाव. तथापि शनिवारी रात्री तेथील रहिवाशांना देशातील पहिल्या दोनशे खेळाडूंपैकी काहींचा खेळ काही हात अंतरावरून पाहावयास मिळे.

पाकिटातले पन्नास डॉलर

ह्या लीगला अर्धव्यावसायिक म्हणत असत. खेळाडूंना पैसे मिळत, म्हणून ते हौशी नव्हते. परंतु त्या पैशांवर घर चालत नसे, म्हणून ते पूर्ण व्यावसायिकही नव्हते. एका सामन्यामागे पन्नास डॉलरच्या आसपास रक्कम मिळे. नामांकित खेळाडूला काही अधिक. सामना आटोपला की कपडे बदलण्याच्या खोलीत ती पाकिटात घालून हाती देत.

सोमवार ते शुक्रवार हे खेळाडू इतर माणसांप्रमाणे कामावर जात. कोणी शाळेत शिक्षक होता, कोणी कारखान्यात, कोणी कचेरीत, कोणी विक्रेता. सामने बहुधा शनिवारी व रविवारीच होत ते ह्याच कारणाने. कित्येकजण फिलाडेल्फिया किंवा न्यूयॉर्क शहरात राहत. शनिवारी दुपारी चारपाच जण एका मोटारीत दाटीवाटीने बसून, पेट्रोलचा खर्च वाटून घेऊन, शंभराहून अधिक मैल डोंगरी रस्त्याने स्क्रँटन अथवा विल्क्स-बॅरे गाठीत. उंच माणसांना लहान मोटारीत पाय दुमडून बसणे किती कष्टाचे असेल ह्याची कल्पनाच करावी. हंगाम हिवाळ्याचा असल्याने रस्ते निसरडे असत. रात्री सामना खेळून परत निघावयाचे, पहाटे घरी पोहोचावयाचे, आणि सोमवारी सकाळी वर्गात फळ्यापुढे किंवा यंत्रापुढे वेळेवर उभे राहावयाचे, असा त्यांचा क्रम होता.

सामन्याच्या जागाही तशाच साध्या होत्या. शाळांची क्रीडागृहे, सैन्याची जुनी कवायतगृहे, सार्वजनिक सभागृहे. ॲलनटाउन जेट्स हा संघ १९५८ साली लीगमध्ये आला. त्याचे मैदान म्हणजे तेथील सेंट्रल कॅथलिक हायस्कूलचे रॉकनी सभागृह. नोत्र दाम ह्या कॅथलिक विद्यापीठाचे प्रसिद्ध फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी ह्यांचे नाव त्यास दिलेले आहे. स्क्रँटनचा संघ तेथील कॅथलिक युवक केंद्रात खेळे. ज्या फरशीवर आठवडाभर धर्मग्रामाची मुले धावत, तिच्यावरच शनिवारी हे कसलेले खेळाडू उतरत. प्रेक्षक इतके जवळ बसत की खेळाडूचा श्वास त्यांना ऐकू येई आणि प्रेक्षकांचा प्रत्येक शब्द खेळाडूला. हेच पोर पुढे रॉकनी सभागृहात मोठे सामने खेळेल असे स्वप्न कोणा बापाने पाहिले असेल तर ते अगदीच अशक्य कोटीतले नव्हते. मार्ग डोळ्यांसमोर दिसत होता.

ऐंशी जागा आणि एक अलिखित नियम

शनिवार-रविवारचे हे खेळाडू एवढे चांगले कसे, असा प्रश्न कोणासही पडेल. ह्याचे पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. १९५५ पासून १९६१ पर्यंत एन.बी.ए.मध्ये अवघे आठ संघ होते. प्रत्येकात दहा-अकरा खेळाडू धरले तर सगळ्या देशात मिळून ऐंशी-नव्वद जागा होतात. दरवर्षी शेकडो कॉलेजांतून कसलेले तरुण बाहेर पडत. त्यांतील बहुतेकांना त्या दारातून आत जाणे शक्यच नव्हते.

दुसरे कारण अधिक दुःखदायक आहे. १९५० पर्यंत एन.बी.ए.मध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्या वर्षी चक कूपर, अर्ल लॉइड व नॅट क्लिफ्टन ह्यांना प्रवेश मिळाला. पिट्सबर्गच्या ड्युकेन ह्या कॅथलिक विद्यापीठात कूपर शिकला होता. परंतु दार उघडले तरी ते किलकिलेच राहिले. एका संघात दोन, फार तर तीनचार कृष्णवर्णीय पुरे, असा अलिखित नियम पुढे कित्येक वर्षे पाळला गेला. कागदावर तो कोठेही नव्हता, पण खेळाडूंना तो ठाऊक होता.

हॅल लिअरचे उदाहरण पाहा. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाचा हा कृष्णवर्णीय खेळाडू १९५६ च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरला. तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात त्याने एकट्याने ४८ गुण केले. मोठ्या लीगमध्ये मात्र त्याच्या वाट्यास एकंदर तीन सामने आले. पुढची अनेक वर्षे तो ईस्टर्न लीगमध्ये खेळला व तेथील उत्कृष्ट खेळाडूंत गणला गेला.

ह्या बाबतीत धाकट्या लीगने थोरलीस मागे टाकले होते. १९४६-४७ ह्या पहिल्याच हंगामात हेझल्टनच्या संघात बिल ब्राउन, झॅक क्लेटन व जॉन आयझॅक्स असे तीन कृष्णवर्णीय खेळाडू होते. क्लेटन व आयझॅक्स हे १९३९ साली व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या न्यूयॉर्क रेनेसान्स ह्या नामांकित कृष्णवर्णीय संघातील वीर. क्लेटन पुढे मुष्टियुद्धाचा पंच झाला, आणि १९७४ साली किन्शासा येथे महंमद अली व जॉर्ज फोरमन ह्यांची जगप्रसिद्ध लढत झाली तेव्हा रिंगणातला पंच तोच होता.

पुढे १९५५-५६ च्या हंगामात ह्याच हेझल्टनच्या संघाने सामन्यास आरंभ करणारे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरविले. टॉम हेमन्स, जेसी आर्नेल, फ्लेचर जॉन्सन, शर्मन व्हाइट आणि फ्लॉइड लेन ही त्यांची नावे. गोऱ्या व कृष्णवर्णीय अशा दोन्ही खेळाडूंना घेणाऱ्या व्यावसायिक लीगमध्ये असे प्रथमच घडले. हेझल्टन हे बहुतांशी गोऱ्या खाणकामगारांचे गाव होते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या गोष्टीचे महत्त्व कळते. संघाच्या चालकांना कोणता सामाजिक उपदेश करावयाचा होता असे मानण्याचे कारण नाही. त्यांना सामने जिंकावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी उत्तम पाच निवडले. न्याय पुष्कळदा अशा साध्या वाटेने येतो. जेसी आर्नेल पुढे नामांकित वकील झाला व ज्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तो शिकला त्याचा दीर्घकाळ विश्वस्त होता.

ज्यांच्यावर डाग होता

त्या पाचांतील व्हाइट आणि लेन ह्यांची कथा आणखी वेगळी आहे. १९५१ साली अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक मोठे लाजिरवाणे प्रकरण उघडकीस आले. जुगारी लोक खेळाडूंना पैसे देत आणि सामना हरू नका, पण ठरलेल्यापेक्षा कमी फरकाने जिंका असे सांगत. वीस-बावीस वर्षांची, बहुधा गरीब घरांतली ही मुले. कोणी मोहाने, कोणी गरजेने, कोणी मित्राच्या भिडेने त्या जाळ्यात सापडला. शर्मन व्हाइट त्या वर्षी सगळ्या देशात सर्वाधिक गुण करणाऱ्यांत अग्रेसर होता. त्याने अपराध कबूल केला व तुरुंगवास भोगला. फ्लॉइड लेन हा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा. त्या कॉलेजने १९५० मध्ये एकाच वर्षी देशातील दोन्ही प्रमुख स्पर्धा जिंकण्याचा विक्रम केला होता, आणि लगेच पुढल्या वर्षी त्याच संघातील मुलांना अटक झाली. एन.बी.ए.ने ह्या सर्वांना कायमची बंदी केली.

केंटकी विद्यापीठाचा सात फूट उंचीचा बिल स्पायव्ही ह्याने तर आपण निर्दोष आहोत असे शेवटपर्यंत सांगितले. त्याच्यावर खोटी साक्ष दिल्याचा खटला झाला. ज्यूरीचे एकमत झाले नाही, बहुसंख्य ज्यूरर त्याच्या सुटकेच्या बाजूचे होते, आणि खटला पुढे चालविला गेला नाही. तरीही मोठ्या लीगचे दार त्याच्यापुरते बंदच राहिले.

अशा माणसांना ईस्टर्न लीगने खेळू दिले. शिक्षा भोगून झालेल्या माणसाने जन्मभर शिक्षा भोगावी काय, हा प्रश्न तिने तत्त्वज्ञानाने सोडविला नाही, फक्त त्याला गणवेश दिला. आठवडाभर कामधंदा करावा आणि शनिवारी आपल्याला येणारी एकमेव श्रेष्ठ गोष्ट लोकांसमोर करावी, एवढी संधी त्यांना मिळाली. फ्लॉइड लेनच्या बाबतीत त्या संधीचे चीज झाले. तो न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांत मुलांना खेळ शिकवू लागला, आणि १९७४ साली ज्या सिटी कॉलेजातून मान खाली घालून तो बाहेर पडला होता त्यानेच त्यास मुख्य प्रशिक्षक म्हणून परत बोलाविले. १९८८ पर्यंत तो त्या पदावर होता.

परंतु सत्य सांगावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जॅक मोलिनास ह्या अत्यंत बुद्धिमान खेळाडूला आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैज लावल्याबद्दल १९५४ साली एन.बी.ए.ने काढून टाकले. त्यालाही ईस्टर्न लीगने जागा दिली. तो वकिलीही शिकला. पण सुधारण्याऐवजी त्याने कॉलेजच्या खेळाडूंना लाच देणारी एक टोळीच उभी केली. १९६१ मध्ये उघड झालेल्या दुसऱ्या मोठ्या प्रकरणाचा तो सूत्रधार ठरला, तुरुंगात गेला, आणि १९७५ साली त्याचा खून झाला. उघडे ठेवलेले दार चांगल्यास आत घेते तसे वाइटासही घेते. म्हणून दार बंद करावे काय? लेन आणि मोलिनास ही दोन्ही नावे समोर ठेवूनच ह्याचा विचार केला पाहिजे.

घरासाठी मोठी लीग सोडणारा

ह्या लीगमध्ये सगळेच नाकारलेले होते असे मात्र नाही. एकाने मोठ्या लीगला स्वतःच नकार दिला होता. त्याचे नाव पॉल अरिझिन.

अरिझिन फिलाडेल्फियाचा कॅथलिक मुलगा. तेथील ला सॅल हायस्कूलच्या संघात त्याची निवडही झाली नव्हती. मग तो धर्मग्रामांच्या व स्थानिक मंडळांच्या संघांतून खेळू लागला. त्यांतले काही सामने नृत्यगृहांत होत. तेथील फरशी इतकी गुळगुळीत असे की पाय रोवून चेंडू टाकावयास गेले की घसरावयास होई. म्हणून तो उडी मारून हवेतूनच चेंडू टाकू लागला. गरजेपोटी आलेली ही युक्ती पुढे त्याची ओळख ठरली, व आज हा खेळ खेळणारे प्रत्येक मूल उडी मारूनच चेंडू टाकते. ऑगस्टिनियन धर्मसंघाच्या व्हिलानोव्हा विद्यापीठात तो शिकू लागला तेव्हाही पहिले वर्ष तो संघात नव्हता. प्रशिक्षकाने त्याला बाहेरच्या एका सामन्यात पाहिले आणि हा मुलगा आपल्याच विद्यापीठात आहे हे त्यास तेव्हा कळले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अरिझिन देशातील अग्रगण्य खेळाडू झाला. फिलाडेल्फिया वॉरियर्स संघातून खेळताना १९५१-५२ व १९५६-५७ ह्या दोन हंगामांत त्याने एन.बी.ए.मध्ये सर्वाधिक सरासरी गुण केले. मधली दोन वर्षे त्याने मरीन दलात सेवा केली. १९५६ साली त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळविले.

१९६२ साली वॉरियर्स संघ विकला गेला आणि तीन हजार मैलांवरील सॅन फ्रान्सिस्कोस गेला. अरिझिन त्या वेळी चौतीस वर्षांचा होता, आणि शेवटच्या हंगामातही सामन्यामागे त्याची सरासरी वीस गुणांहून अधिक होती. संघाबरोबर गेला असता तर आणखी काही वर्षे मान व धन दोन्ही मिळाले असते. परंतु घर, मुलेबाळे आणि आय.बी.एम. कंपनीतली नोकरी फिलाडेल्फियात होती. तो गेला नाही. त्याने मोठी लीग सोडली आणि नदीपलीकडच्या कॅमडेन बुलेट्स ह्या ईस्टर्न लीगच्या संघात नाव घातले. आठवडाभर नोकरी, शनिवार-रविवारी खेळ, रात्री आपल्या घरी. पहिल्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला व १९६४ मध्ये कॅमडेनने अजिंक्यपद जिंकले. आपल्या काळच्या श्रेष्ठ खेळाडूला लहान गावच्या सभागृहात खेळताना कमीपणा वाटला नाही.

ह्याच्या उलट चित्र बॉब लव्हचे आहे. १९६५ साली सिनसिनाटीच्या संघाने त्यास काढून टाकले तेव्हा ईस्टर्न लीगच्या ट्रेंटन संघाने त्याला घेतले. तेथे वर्षभर तो असा खेळला की मोठ्या लीगला त्याला परत बोलावणे भाग पडले. पुढे शिकागोच्या संघातून तो तीनदा निवडक खेळाडूंच्या सामन्यात उतरला. परंतु त्याला बोलताना फार अडखळावयास होई. खेळ संपल्यावर ह्या दोषामुळे त्यास काम मिळेना, आणि १९८० नंतरच्या दशकात सिएटल शहरातील एका उपाहारगृहात तो ताटे उचलीत व भांडी घाशीत होता. तेथील मालकाने त्याच्या वाणीवरील उपचारांचा खर्च केला. तो बोलावयास शिकला आणि काही वर्षांनी शिकागोच्या संघाने समाजसंपर्काच्या कामासाठी त्यास सन्मानाने परत घेतले. आठवड्याचे पाच दिवस दुसरे काम हाताशी असणे ही ईस्टर्न लीगच्या खेळाडूंची अडचण होती असे आपण समजतो. खेळाचे दिवस सरल्यावर तीच त्यांची पुंजी ठरली.

शिडी आणि प्रयोगशाळा

मोठ्या लीगनेही धाकटीकडून पुष्कळ घेतले. कॉलेज मध्येच सोडलेला रे स्कॉट १९५८ नंतर ॲलनटाउनमध्ये खेळला, कारण बरोबरीचे विद्यार्थी पदवीधर होईपर्यंत एन.बी.ए.त प्रवेश नाही असा तेव्हाचा नियम होता. १९६१ मध्ये तो डेट्रॉइटच्या संघात गेला. त्याच संघाचा प्रशिक्षक असताना १९७४ साली त्यास वर्षातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान मिळाला. तो मिळविणारा हा पहिला कृष्णवर्णीय. डॉमिनिकन धर्मसंघाच्या प्रॉव्हिडन्स कॉलेजचा माइक रिओर्डन १९६७-६८ मध्ये ॲलनटाउनमध्ये तयार झाला व १९७० साली न्यूयॉर्कच्या अजिंक्य संघात होता. पंचही येथेच घडले. विल्क्स-बॅरेचा मेंडी रुडॉल्फ ह्या लीगमध्ये शिट्टी वाजविण्यास शिकला आणि पुढे एन.बी.ए.चा अत्यंत मान्यवर पंच झाला. त्याचे वडील हॅरी रुडॉल्फ हे ईस्टर्न लीगचे अध्यक्ष होते.

लांबून टाकलेल्या चेंडूस दोनऐवजी तीन गुण द्यावेत हा नियम आज जगभर आहे. ईस्टर्न लीगने तो १९६३-६४ च्या हंगामात घेतला. एन.बी.ए.ने तो स्वीकारला १९७९-८० मध्ये, सोळा वर्षांनंतर. लहान संस्थेस प्रयोग करणे सोपे असते, कारण चुकले तर नुकसान थोडे.

गावांचे दिवस, लीगचे दिवस

इकडे खाणींचे दिवस भरत आले होते. तेल व वायू स्वस्त झाले आणि कोळशाची मागणी घटली. २२ जानेवारी १९५९ रोजी स्क्रँटन व विल्क्स-बॅरे ह्यांच्या मधल्या पोर्ट ग्रिफिथ येथे नदीच्या तळाच्या फार जवळ खणलेल्या नॉक्स खाणीचे छत फुटले. सस्क्वेहाना नदीचे बर्फाळ पाणी आत घुसले व बारा कामगार मृत्यू पावले. त्यांची शरीरे हाती लागली नाहीत. त्या खोऱ्यातील खोल खाणकाम ह्यानंतर जवळजवळ संपले. पुरुष बेकार झाले, बायका शिवणकामाच्या कारखान्यांत जाऊ लागल्या, मुले शहरांकडे निघाली. अशा वर्षांत शनिवारी रात्री सभागृहातले दिवे लागत, तिकिटाचे थोडे पैसे देऊन शेजारीपाजारी एकत्र बसत आणि आपल्या गावाचे नाव छातीवर लिहिलेल्या दहाजणांसाठी घसा बसेपर्यंत ओरडत. ह्याने कोणाची चूल पेटली नाही हे खरे. परंतु आपले गाव अजून जिवंत आहे असे वाटण्यालाही काही मोल असते.

लीगच्या ऱ्हासाचे कारण मात्र वाईट नव्हते. १९६७ मध्ये ए.बी.ए. नावाची दुसरी मोठी लीग निघाली. एन.बी.ए.ही वाढत गेली व १९७०-७१ मध्ये तिचे सतरा संघ झाले. जागा वाढल्या, रंगाची अलिखित मर्यादा गळून पडली आणि ईस्टर्न लीगचे उत्तम खेळाडू तिकडे गेले. ज्यांच्यासाठी ती होती त्यांना थोरले दार उघडले तेव्हा धाकटे घर रिकामे होऊ लागले. १९७७ मध्ये दूरच्या अलास्कातला संघही तीत घेण्यात आला आणि १९७८ साली लीगचे नाव बदलून कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन झाले. गावांची लीग देशाची झाली. पुढे अनेक चढउतार पाहून २००९ साली ती बंद पडली. खेळाडू घडविण्याचे काम तत्पूर्वीच, २००१ पासून, एन.बी.ए.ने स्वतः काढलेल्या दुय्यम लीगकडे गेले होते. ही नवी व्यवस्था अधिक शिस्तीची आहे. पण ती मोठ्या संघांच्या सोयीसाठी आहे. आठवडाभर शाळेत शिकवून शनिवारी खेळणाऱ्या चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला तीत जागा नाही.

एखाद्या संस्थेतून किती मोठी माणसे निघाली ह्यावरून तिची किंमत करण्याची आपल्याला सवय असते. त्या मापानेही ईस्टर्न लीग कमी ठरत नाही. परंतु तिच्यातील बहुतेक खेळाडू कधीच मोठे झाले नाहीत. ते पाकीट खिशात घालून, बर्फातून मोटार हाकीत घरी गेले व सोमवारी कामावर हजर झाले. त्यांनी दोन-तीन दशके कित्येक लहान गावांना उत्तम खेळ दाखविला, आणि त्या गावांनी त्यांचे पूर्वायुष्य व कातडी न पाहता त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या. लीगचे मुख्य कार्य हेच होते.

आपल्या पटांगणावरच्या कड्यांखाली आज संध्याकाळीही मुले जमली असतील. त्यांतला एखादा शाळेच्या संघात निवडला गेला नसेल आणि भिंतीशी एकटा उभा असेल. अरिझिनही एकदा तसाच उभा होता. त्याला खेळावयास जागा देणारे कोणीतरी गावात असले पाहिजे.